कल्लिएना, सुप्पारा, सेमुल्ला

पनवेल तालुक्यातल्या ओवे गावाहून सरळ रेषेत वीसेक किलोमीटर उत्तरेला गेलं की कल्याण लागतं. साधारण तेवढंच अंतर पश्चिमेकडे, खाडी ओलांडून गेलं की घारापुरीचं बेट. दक्षिणेला अलिबागच्या पुढे चौल आणि उत्तरेला वसईजवळ नालासोपारा. रोममध्ये ऑगस्टस, टायबेरियस, नीरो गादीवर असताना भूमध्य समुद्राकाठच्या व्यापाऱ्यांना ही बंदरं नावानिशी ठाऊक होती. कल्याणला ते कल्लिएना म्हणत, सोपाऱ्याला सुप्पारा आणि चौलला सेमुल्ला.

मग त्या शहरांचं काय झालं? रोमन काळातलं किनाऱ्यावरचं शहर म्हटलं की डोळ्यांपुढे दगडी रस्ते, खांबांच्या ओळी, अर्धगोल नाट्यगृह उभं राहतं. तसं कल्याणच्या खाडीवर काहीच दिसत नाही. चौलला गेलेल्या पर्यटकाला रेवदंड्याचा कोट दिसतो, पण तो पोर्तुगीजांचा, म्हणजे सोळाव्या शतकातला. त्याच्या दीड हजार वर्षं आधीचं बंदर नारळी-पोफळीच्या वाड्यांखाली आणि खाडीच्या गाळात आहे. दिसत नाही म्हणून ते नव्हतंच किंवा फार लहान होतं, असा समज होतो. तो समज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे कळायला थोडा वेळ इटलीत जावं लागतं.

टायबर नदीच्या मुखाशी ओस्तिया नावाचं शहर होतं. रोमचं बंदर. रोमला लागणारं धान्य, तेल, दारू इथे उतरे आणि नदीतून वर जाई. गर्दी वाढली तेव्हा सम्राट क्लॉडियसने इ. स. ४२ मध्ये जवळच नवीन बंदर बांधायला घेतलं आणि पुढे ट्रेजनने त्याला षट्कोनी गोदी जोडली. ओस्तियाचे अवशेष आज पाहिले तर माणूस थक्क होतो. मजल्यांवर मजले चढवलेल्या भाड्याच्या इमारती, पिठाच्या चक्क्या, दगडी ओट्यांच्या खानावळी. एका चौकाभोवती जहाजवाल्यांच्या पेढ्यांची रांग आहे आणि प्रत्येक पेढीपुढे फरशीत जडवलेलं तिचं चिन्ह. हे सगळं टिकलं, कारण शहर ओस पडलं. नदीने गाळ टाकला, किनारा पुढे सरकला, हिवताप पसरला आणि नवव्या शतकापर्यंत वस्ती जवळजवळ उठली. समुद्र आज तिथून तीनेक किलोमीटर दूर आहे. १९३८ ते १९४२ या काळात पुरातत्त्वज्ञ ग्विदो काल्झाने ओस्तियाचा मोठा भाग मातीखालून मोकळा केला, तेव्हा त्याला कुणाचं घर पाडावं लागलं नाही.

गाळ आपल्याही खाड्यांत साचला, पण इथून माणसं गेली नाहीत. कल्याणला सातवाहनांच्या काळी जिथे राबता होता तिथे पुढे शिलाहारांच्या, यादवांच्या, सुलतानांच्या आणि पेशव्यांच्या काळीही तो राहिला. जुन्या घराच्या विटा नव्या घराला लागल्या. सातवाहनकाळची वीट चांगली मोठी आणि पक्की, ती फुकट मिळत असताना नवी भट्टी कोण लावील? लाकूड पावसाने आणि वाळवीने खाल्लं. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यापुढे मातीच्या भिंतीचा टिकाव लागत नाही. आपल्या बंदरांचे अवशेष उभे नाहीत याचं मुख्य कारण त्यांचं अपयश नसून त्यांचा चिवटपणा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून ही शहरं वेगळ्या रीतीने वाचावी लागतात: कागदातून, खापरांतून, लेण्यांच्या भिंतींवरून आणि परदेशातल्या वाळूतून.

कागद आधी घेऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. लेखकाचं नाव त्यात नाही. दहाव्या शतकातली तिची एक हस्तलिखित प्रत जर्मनीत हायडेलबर्गला आहे. हा माणूस साहित्यिक नव्हता. कुठे खडक आहेत, कुठे भरतीला जहाज उलटतं, कुठे कोणता माल खपतो आणि राजाला काय नजर करावं लागतं, एवढंच तो सांगतो. त्यामुळेच त्याच्यावर विश्वास बसतो.

त्याच्या यादीत सगळ्यांत मोठं बंदर बारिगाझा, म्हणजे नर्मदेच्या मुखाजवळचं भडोच. तिथे दारू उतरते, त्यातही इटलीच्या दारूला पसंती. तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच, सोन्या-चांदीची नाणीही येतात. उलट दिशेने कापड, हस्तिदंत, अकीक, जटामांसी, पिंपळी जाते. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असंही तो लिहितो. तेरचं कापड आणि पैठणचे खडे गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला नेले जातात.

नकाशा समोर ठेवला की इथे प्रश्न पडतो. पैठणहून जुन्नर, जुन्नरहून नाणेघाट, घाट उतरला की कल्याण. ही वाट भडोचच्या वाटेपेक्षा कितीतरी जवळची. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही तिथेच आहे. असं असताना माल उलटा उत्तरेला का जात होता?

उत्तर पेरिप्लसच्या कर्त्यानेच देऊन ठेवलं आहे. थोरल्या सरगनसच्या, म्हणजे कुणा सातकर्णीच्या काळी कल्लिएना हे कायदेशीर व्यापाराचं बंदर होतं. पुढे ते सांदरेस नावाच्या माणसाच्या ताब्यात गेलं आणि तिथला व्यापार अडवला गेला. चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे लागलंच, तर पहारा बसवून ते भडोचला नेलं जातं. म्हणजे कल्याणची नाकेबंदी झाली होती. भडोच क्षत्रप राज्यकर्त्यांच्या हाती होतं, घाटमाथ्यावर सातवाहन होते आणि भांडण जकातीचं होतं. रोमकडून येणारं सोनं-चांदी कोणाच्या बंदरात उतरायचं, हा त्या काळचा सगळ्यांत मोठा राजकीय प्रश्न होता.

या झगड्याचा निकाल चांदीवर उमटलेला आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची, त्याच्या चेहऱ्याची आणि ग्रीक अक्षरांची. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला आहे. नहपानाच्या नाकावरून, गालावरून नवा ठसा गेलेला हाताच्या बोटांनाही कळतो. नवी नाणी पाडायला वेळ होता की नव्हता कोण जाणे, पण बाजार आता कोणाचा हे त्याने प्रत्येक व्यापाऱ्याच्या हातात नेऊन ठेवलं.

जहाजं कशी येत, तेही इथल्या माणसाला लगेच समजेल असं आहे. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून ती जुलैच्या सुमारास सुटत. अरबस्तानाच्या टोकाला वळसा घातला की नैर्ऋत्येचा वारा शिडात भरे आणि उघड्या समुद्रातून ती थेट भारताकडे निघत. आषाढ-श्रावणात आपली गलबतं किनाऱ्याला ओढलेली असतात, नारळी पौर्णिमेआधी कोळी दर्यात जात नाहीत. म्हणून ही गणितं नेमकी बसवावी लागत: इथे पोचायचं ते पावसाचा जोर ओसरल्यावर. मग मुक्काम, खरेदी-विक्री, आणि डिसेंबर-जानेवारीत ईशान्येच्या वाऱ्यावर परत. हे परतीचं वेळापत्रक प्लिनी या रोमन ग्रंथकाराने नोंदवलं आहे. भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी त्याची तक्रारही आहे. आकडा किती काटेकोर यावर अभ्यासकांत वाद असला, तरी तक्रारीचा सूर खरा वाटतो. मिरे आणि मसाले ठेवायला रोमच्या मुख्य चौकाशेजारी सम्राट डोमिशियनने स्वतंत्र कोठार बांधलं होतं.

आता खापरं. घारापुरीला लोक लेण्यांसाठी जातात, त्रिमूर्ती पाहतात आणि संध्याकाळच्या लाँचने परततात. लेणी सहाव्या शतकातली मानली जातात. त्यांच्या कितीतरी आधी या बेटावर वस्ती आणि धक्का होता. पूर्वेच्या टेकडीवर विटांचा जुना स्तूप आहे. बेटाच्या किनाऱ्यावर, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातसुद्धा, रोमन अँफोरांची खापरं मिळाली आहेत.

अँफोरा म्हणजे दोन कानांचा, लांब मानेचा, खाली निमुळता होत गेलेला मातीचा घडा. साधारण पंचवीस लिटर दारू मावे. तो जमिनीवर उभा राहत नाही, पण जहाजाच्या पोटात एकाच्या खांद्यांमध्ये दुसऱ्याचं टोक रुतवून थर लावता येतात. आतून राळेचा लेप, म्हणजे दारू झिरपत नाही. अख्खा घडा आपल्याकडे सहसा मिळत नाही. मिळतो तो कान, काठ, बुडाचं टोक. कान हातात घेतला की जाडी आणि वजन जाणवतं, आपल्या कुंभाराच्या कामात असा कान नसतो. मग तुटलेली कड भिंगाखाली धरायची. भारतात सापडलेल्या काही खापरांच्या मातीत बारीक, काळे, चमकदार कण भरलेले दिसतात. ही ज्वालामुखीची वाळू. नेपल्सच्या आखाताकाठी, व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी जे कुंभार होते त्यांच्या मातीत ती असते. इ. स. ७९ मध्ये त्याच डोंगराने पॉम्पेई गाडलं. एक इंचाचं खापर आणि त्यातली वाळू, एवढ्यावरून घडा कोणत्या डोंगराखाली भाजला गेला हे सांगता येतं!

इथे एक सावधगिरी हवी. बरीच वर्षं पश्चिम भारतात परदेशी घड्याचं खापर मिळालं की त्याला सरसकट रोमन म्हटलं जाई. अभ्यासक रोबर्टा टॉम्बर यांनी ही खापरं पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतली पुष्कळशी मेसोपोटेमिया-इराणकडची निघाली. त्या घड्यांना कान नसतात, आकार सुरळीसारखा आणि आतून डांबराचा काळा थर. त्यामुळे रोमचा वाटा थोडा कमी झाला, पण आपल्या बंदरांचं महत्त्व वाढलं. त्यांचा व्यवहार एका गिऱ्हाइकावर अवलंबून नव्हता. बसऱ्याच्या बाजूची जहाजंही इथे लागत होती आणि रोमचा व्यापार आटल्यावरही ती येत राहिली.

चौलला पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला उत्खनन केलं. सातवाहनकाळचे थर, अँफोरांची खापरं, भाजलेल्या मातीची कडी एकावर एक बसवून केलेल्या विहिरी तिथे मिळाल्या. विहीर ही साधी गोष्ट वाटते. पण खाडीकाठी गोड्या पाण्याची सोय करावी लागते ती कायमच्या वस्तीला आणि लांबचा प्रवास करणाऱ्या जहाजांना. दुसऱ्या शतकात टॉलेमीने भूगोल लिहिला तेव्हा तिथे ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांकडून त्याला चौलची माहिती मिळाली होती.

या शहरांतली माणसं मात्र भेटतात ती लेण्यांत. बोरिवलीच्या कान्हेरीला भिंतींवर ब्राह्मीत दानलेख आहेत आणि त्यांत कल्याण, सोपारा, चेमुल (म्हणजे चौल) ही गावं वारंवार येतात. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचं टाकं खोदवून दिलं, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याने दुसरं. राजांचे लेख पराक्रमाचे असतात, हे लेख कष्टाच्या पैशाचे आहेत. बंदरात कमावलेला पैसा भिक्षूंच्या पाण्यात आणि पायऱ्यांत गेला. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात सांगतो की त्याने भडोच आणि सोपारा इथे वाटसरूंसाठी निवारे बांधले आणि दमण, डहाणूकडच्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. किनाऱ्याने चालत जाणाऱ्याची खरी अडचण त्याला माहीत होती.

पनवेलहून खोपोली आणि बोरघाट चढून गेलं की कार्ल्याचं चैत्यगृह. त्याच्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत. सिहधय, यसवधन अशी त्यांची नावं. नावं इथली आणि ओळख यवन अशी. हे लोक नेमके कुठून आले यावर मतं वेगळी आहेत, त्यांना रोमन म्हणण्याची घाई करू नये. इथे येऊन राहिलेल्या, इथला धर्म आणि इथली नावं घेतलेल्या परक्यांच्या पुढच्या पिढ्या म्हणूनच मी त्यांच्याकडे पाहतो. बोरघाटातून उतरून कल्याणकडे जाणारी एक वाट आजही पनवेल-तळोज्याच्या सपाटीतून जाते. ओव्याच्या शिवाराजवळून त्या काळी बैलांचे तांडे गेले असतील असं म्हणायला भूगोल पुरेसा आहे.

घाटावर चढलेला माल कुठवर गेला, हे कोल्हापूर सांगतं. तिथल्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात काशाच्या वस्तूंचा साठा मिळाला आणि पाठोपाठ ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. त्या साठ्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती आहे. ती टाउन हॉलच्या संग्रहालयात पाहता येते आणि प्रत्येकाने एकदा पाहावी. पाय रोवून उभा असलेला हा दर्यादेव समुद्रापासून इतक्या दूर, पंचगंगेच्या काठी कुणाच्या घरात होता? तेरला मातीच्या पदकांवर रोमन नाण्यांची नक्कल केलेली सापडते, गळ्यात घालायला भोक ठेवलेली. सोन्याचं नाणं परवडत नाही तिथे मातीचं.

उलट दिशेचा पुरावा पॉम्पेईत आहे. १९३८ मध्ये तिथल्या एका घरात हस्तिदंताची स्त्रीमूर्ती मिळाली, वीतभराहून थोडी मोठी, दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दासी. तिच्या जवळच्या नात्यातल्या हस्तिदंती मूर्ती महाराष्ट्रात तेर आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. इ. स. ७९ च्या आधी ती दख्खनातून घाट उतरून, एखाद्या बंदरातून निघून व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी पोचली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात.

आणि इजिप्त. तांबड्या समुद्राकाठी बेरेनिके हे बंदर होतं, भारताकडे निघणाऱ्या जहाजांचं ठाणं. तिथे १९९४ पासून स्टीव्हन साइडबॉथम आणि त्यांचे सहकारी खोदकाम करत आहेत. एका देवळाच्या अंगणात भारतीय घाटाच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. भारतीय सुती कापडाचे तुकडे, तांदूळ, मूग, नारळाच्या करवंट्या मिळाल्या. जुन्या जहाजांचं सागवान काढून भिंतींत आणि बांधकामात वापरलेलं आहे. २०२२ मध्ये तर तिथे संगमरवरी बुद्धमूर्ती, तिसऱ्या शतकातला संस्कृत लेख आणि सातवाहनांची दोन नाणी सापडली. कल्याण-चौलच्या व्यापाराचं कापड आणि लाकूड आपल्या दमट मातीत कुजून गेलं, ते त्या कोरड्या वाळवंटात जसंच्या तसं राहिलं. तिथे पाऊस नाही आणि वस्तीही नाही, हीच दोन कारणं.

इथे मात्र वस्ती कधी थांबलीच नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी लिहितो की कल्लिएना मोठी पेठ आहे, तिथून पितळ, लाकूड आणि कापड बाहेर जातं आणि इराणातून नेमलेला ख्रिस्ती बिशप तिथे असतो. त्या वेळी ओस्तिया उतरणीला लागली होती. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी अल-मसूदी चौलला आला, तेव्हा तिथे बसरा, ओमान, बगदादकडचे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहिलं. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्याच खाडीत स्वराज्याच्या आरमाराची पहिली जहाजं बांधायला काढली.

सोपाऱ्यात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा ढिगारा उकलला आणि आतून स्तूप निघाला. त्याच्या पोटातल्या दगडी करंड्यात सोन्याची डबी, काशाच्या बुद्धमूर्ती आणि सातवाहन राजा यज्ञश्रीचं चांदीचं नाणं होतं. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तिथे मिळाला. तेव्हा आसपास शेतं आणि बागा होत्या. आज नालासोपारा, कल्याण आणि पनवेलचा पट्टा इमारतींनी भरला आहे, उरलेल्या जागी रोज नवे पाये खणले जातात. पायासाठी तीन-चार मीटर खाली गेलं की अनेक ठिकाणी नेमका जुना थर लागू शकतो, आणि तो डंपरमध्ये भरून दुसऱ्या खाडीच्या भरावाला जातो. हे मला फार सलतं.

या बाबतीत आपला कायदा १८७८ चा आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायची, असं निखात निधीचा हा कायदा सांगतो. सोन्याचं नाणं त्यात येतं. अँफोराच्या कानाला बाजारात शून्य किंमत, म्हणून तो कुणाच्याच डोळ्यांत भरत नाही. तरीही पायाच्या खड्ड्यात जाड, दांडीसारखा कान, काळ्या लेपाचं खापर, हातभर लांबीची वीट किंवा मातीच्या कड्यांची रास दिसली तर करायचं काम लहान आहे. वस्तू धुवायची नाही. ती कुठे होती त्याचं छायाचित्र घ्यायचं, पृष्ठभागापासून किती खाली होती ते टेपने मोजून लिहायचं, कोणत्या रंगाच्या मातीत होती ते लिहायचं आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा जवळच्या विद्यापीठातल्या पुरातत्त्व विभागाला कळवायचं. खापर उचलून घरी नेलं आणि खोली लिहिली नाही, तर त्याच्या वरची-खालची माती कोणत्या काळची होती हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.